ऊन सगळ्यांचं, मीटर कुणाच्या नावावर?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ताई फॉल-पिको करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि एक ट्यूब. परवा साडी टाकायला गेले तर त्यांनी मशीनच्या खणातून वर्तमानपत्राचा घडी घातलेला कागद काढला. ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’ची जाहिरात होती. महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज फुकट, वर केंद्राचं अनुदान. “ताई, हे आमच्या घरच्या पत्र्यावर बसेल का हो?”

मी विचारलं, पत्रा तुमचा स्वतःचा? नाही, खोली भाड्याची. मीटर? तेही घरमालकाचं. त्याच्या एका मीटरवर चार खोल्या, प्रत्येकीला सबमीटर, आणि युनिटला बारा रुपये, रोख, पाच तारखेच्या आत. पत्र्याला पॅनेलचं वजन पेलेल का, हे मग मी विचारलंच नाही.

“म्हणजे ज्याला घर त्यालाच सूर्यघर,” त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

त्यांच्यासारख्यांसाठी एक पद्धत जगात गेली काही वर्षं वापरात आहे. इंग्रजीत तिला ‘कम्युनिटी सोलर’ म्हणतात, आपण सामाईक सौरवीज म्हणू. पॅनेल एका जागी, त्याचा फायदा अनेक घरांना, आणि त्या घरांवर एकही पॅनेल नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण हा फायदा गरीब वस्तीपर्यंत पोचवायचा म्हटलं की गाडी जिथे अडते, तिथे सूर्याचा काही संबंध नसतो.

छप्पर कुणाला असतं?

आधी सूर्यघर योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ती मंजूर केली. खर्च ७५,०२१ कोटी रुपये, लक्ष्य एक कोटी घरं. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॉटचा संच म्हणजे ढोबळ मानाने १०० चौरस फूट बिनसावलीची जागा, रोजची चारेक युनिट, महिन्याची १२०. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी ‘स्मार्ट’ नावाची जोडयोजना आणून वर आणखी अनुदान दिलं. योजना चांगली आहे, यात वाद नाही.

पण त्या १०० चौरस फुटांवर तुमचा हक्क हवा. भाडेकरूंचा तो नसतो. चाळीत गच्ची सगळ्यांची असते, म्हणजे कुणाचीच नसते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या वीसमजली इमारतीत दोनेकशे घरांच्या डोक्यावर एकच गच्ची, आणि तिच्यावरही पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली. अमेरिकेसारख्या ऐसपैस देशातसुद्धा तिथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जवळजवळ निम्म्या कुटुंबांना स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवणं शक्य नाही असं दिसलं. कुणी भाड्याने राहतं, कुणाच्या छपरावर झाडाची सावली, कुणाचं छप्परच पुरेसं नाही.

डेअरीतलं दूध

गावातल्या डेअरीवर सकाळी तुम्ही चार लिटर दूध घालता. ते सगळ्यांच्या दुधाबरोबर एकाच टाकीत जातं, आणि तुमच्या कार्डावर लिटर आणि फॅट लिहिलं जातं. संध्याकाळी पाहुणे आले म्हणून तालुक्याच्या ठिकाणी तुम्ही अर्धा लिटरची पिशवी घेता. ती तुमच्याच म्हशीची आहे का, असं कुणी विचारत नाही. दूध मिसळलेलं असतं, कार्डावरचा हिशेब वेगळा असतो.

विजेचंही तसंच. स्वतःच्या छपरावर पॅनेल असेल तर वापरून उरलेली वीज तारेतून बाहेर जाते आणि बिलातून वजा होते. याला नेट मीटरिंग म्हणतात. सामाईक पद्धतीत पॅनेल दुसरीकडेच असतात, शाळेच्या छपरावर, गोदामावर, नाहीतर पडीक जमिनीवर. तिथे बनलेली सगळी वीज वीज कंपनीच्या जाळ्यात जाते, आणि कंपनी ती ठरलेल्या वाट्यांप्रमाणे वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलांत जमा दाखवते. कागदोपत्री नाव आभासी नेट मीटरिंग. आपण नुसतं ‘जमा’ म्हणू. त्या शाळेतून तुमच्या घरापर्यंत वेगळी तार टाकत नाहीत. डेअरीचं कार्ड असतं, इतकंच.

हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. अमूलचा जन्म ज्या खेडा जिल्ह्यात झाला, त्याच जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली. प्रत्येकाच्या शेतात सौरपंप. ओलिताची गरज भागली की उरलेली वीज एकत्र करून एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकायची, २५ वर्षांच्या करारावर, युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यांना उभं राहायला मदत केली. दुधाऐवजी ऊन, बाकी रचना तीच. अर्थात हे शेतकरी जमिनीचे मालक होते. आपल्या ताई नाहीत.

अमेरिकेत आधी कुणाच्या पदरात पडलं

ही पद्धत सगळ्यात जास्त रुजली अमेरिकेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग गावात २००६ मध्ये एक छोटा प्रकल्प झाला. २०१० मध्ये कोलोरॅडोने ‘सौर बागां’चा, म्हणजे अशा सामाईक प्रकल्पांचा, कायदा केला आणि बागेतला पाच टक्के वाटा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखला. २०१३ मध्ये मिनेसोटाने कायदा केला आणि काही वर्षांतच तिथला कार्यक्रम देशातला सगळ्यात मोठा झाला.

मिनेसोटाची गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. प्रकल्प पटापट उभे राहिले, पण त्यांतल्या विजेचा मोठा हिस्सा व्यापारी कंपन्या आणि सरकारी संस्थांच्या बिलांत जमा झाला. त्यात कुणाचा कट नव्हता. तुम्हीच प्रकल्पवाले असता तर काय केलं असतं? एका कारखान्याची सही घेतली की निम्मा प्रकल्प विकला जातो. तेवढीच वीज घरांना विकायची तर शेकडो दारं वाजवा, प्रत्येकाची पत तपासा, कुणी घर बदललं की नवा शोधा. कर्ज देणारी बँकही पहिला प्रश्न हाच विचारते, की वीस वर्षं पैसे कोण देणार? पतमानांकन कमी असलेलं भाडेकरू कुटुंब तिला नको असतं.

यात आपल्याकडची एक भर घाला. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर आणि त्यापुढच्या २०० युनिटांचा दर यांत दुपटीच्या आसपास फरक आहे. म्हणजे एसीवाल्या फ्लॅटचं एक युनिट वाचलं तर जेवढे पैसे वाचतात, त्याच्या निम्मेच एका खोलीत दोन दिवे आणि पंखा वापरणाऱ्याचे वाचतात. सौरवीज विकणाऱ्याला कुणाचं दार आधी वाजवावंसं वाटेल? बाजारावर सोडलं तर ऊन आपोआप एसीकडे वाहतं.

म्हणून पुढच्या राज्यांनी नियम उलटे लिहिले. न्यू जर्सीने २०१९ मध्ये पथदर्शी कार्यक्रम सुरू केला, आणि २०२३ मध्ये तो कायम करताना अट घातली की प्रत्येक प्रकल्पातला निदान ५१ टक्के वाटा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांना आणि जमेवर सूट निदान १५ टक्के. पॅनेलसाठी शेतजमीन घ्यायची नाही. गोदामांची छपरं, बंद झालेले कचराडेपो, पार्किंगवरचे मांडव वापरायचे. इलिनॉयमध्ये ‘सोलर फॉर ऑल’ कार्यक्रमात गरीब कुटुंबाकडून आधी एक पैसाही घ्यायचा नाही आणि जमेच्या किमतीतला निदान निम्मा भाग त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. राजधानी वॉशिंग्टन शहराने २०३२ पर्यंत एक लाख गरीब कुटुंबांचं बिल निम्मं करण्याचं लक्ष्य ठेवलं. मिनेसोटानेही २०२३ मध्ये आपला कायदा बदलून घरगुती गरीब ग्राहकांसाठी वाटा राखला.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहते. तिने अशाच एका प्रकल्पातल्या वाट्याची वर्गणी घेतली. पहिले तीन महिने जमा आलीच नाही, आणि मग एकदम आली तेव्हा दोन बिलं सुरू झाली, एक वीज कंपनीचं आणि एक सोलरवाल्यांचं. “शंभर डॉलर वाचले म्हणून इकडे सांगतात आणि पंच्याऐंशी भरा म्हणून तिकडे,” ती फोनवर वैतागली होती. हिशेब बरोबर होता, पंधरा तिचेच होते. पण दोन बिलं हातात धरून हे समजायला तिला कॅलक्युलेटर घेऊन बसावं लागलं, आणि ती बँकेत नोकरी करते. एकाच बिलात दोन्ही दाखवा, हा साधा बदल गरीब ग्राहकासाठी सगळ्यात मोलाचा ठरतो.

पैसे कोण घालतं आणि काढतं कसं

आता गुंतवणूक. इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

समजा, महापालिकेच्या शाळेच्या छपरावर १०० किलोवॉटचा संच बसवला. किलोवॉटला ५० हजार धरले तर खर्च ५० लाख. महिन्याला वीज १२ हजार युनिट. शेजारच्या वस्तीतली १२० घरं घेतली, प्रत्येकाच्या वाट्याला १०० युनिट. हिशेबासाठी युनिटची जमा ६ रुपये धरू. महिन्याचे झाले ७२ हजार. त्यातला पाचवा हिस्सा घरांना सोडला, म्हणजे दर घराला महिन्याला १२० रुपये. उरले ५७,६००. वर्षाचे सुमारे ६ लाख ९० हजार. पॅनेल धुणं, विमा, इन्व्हर्टरची दुरुस्ती आणि हिशेबनीस यांना ९० हजार. हातात राहिले ६ लाख.

हे ६ लाख कर्ज फेडायला वापरायचे. व्याज १० टक्के असेल तर पहिल्या वर्षी ५ लाख व्याजातच जातात, मुद्दल जेमतेम लाखभर फिटतं. सगळं फिटायला जवळजवळ १९ वर्षं लागतात. तेच व्याज ४ टक्के असेल तर पहिल्या वर्षी २ लाख व्याज, ४ लाख मुद्दल, आणि सव्वादहा वर्षांत कर्ज संपतं. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. म्हणजे पहिल्या हिशेबात वस्तीच्या हाती शेवटची सहा वर्षं लागतात, दुसऱ्यात पंधरा. तेच छप्पर, तेच ऊन. फरक फक्त पैसा कुठल्या दाराने आला याचा.

म्हणून अशा प्रकल्पाला नफा हवा असणाऱ्या पैशाबरोबर धीर धरणारा पैसा लागतो. तो महापालिकेचे कर्जरोखे, सहकारी बँक, धर्मादाय न्यास, कंपन्यांचा सामाजिक निधी असा कुठूनही येऊ शकतो. सरकारने सगळा खर्च उचलायची गरज नसते. पहिला तोटा सोसायची हमी सरकारने घेतली तरी बँक व्याज खाली आणते.

अमेरिकेत ही भूमिका करसवलतीने बजावली. सौरप्रकल्पात पैसे घालणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के रक्कम करातून वजा मिळे. २०२२ च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या किंवा गरिबांना फायदा देणाऱ्या प्रकल्पांना त्यावर आणखी १० ते २० टक्के दिले. शिवाय ७ अब्ज डॉलरचा ‘सोलर फॉर ऑल’ निधी एप्रिल २०२४ मध्ये राज्यं आणि संस्था अशा मिळून ६० जणांना जाहीर झाला.

आणि मग सरकार बदललं. जुलै २०२५ च्या कायद्याने सौरप्रकल्पांच्या करसवलतीची मुदत आखडली, आणि ऑगस्टमध्ये पर्यावरण खात्याने तो ७ अब्जांचा निधीच रद्द केला. प्रकरणं कोर्टात गेली. दरम्यान, अर्धवट उभ्या प्रकल्पांचं काय झालं असेल याची कल्पना आपल्याकडे कुठल्याही निम्म्यात थांबलेल्या उड्डाणपुलाखालून जाणाऱ्याला येईल. २५ वर्षांची यंत्रं चार-पाच वर्षांच्या सरकारवर टेकवली की असं होतं. न्यू जर्सी किंवा इलिनॉयसारख्या राज्यांनी स्वतःच्या कायद्यात पाया घातला होता, तिथे निदान जमेचा नियम टिकला.

मीटर, भाडं आणि एक गंमत

पैसा आला, पॅनेल लागली, वाटे ठरले. जमा कुणाच्या बिलात जाणार? मीटर ज्याच्या नावावर असेल त्याच्या. फॉल-पिकोवाल्या ताईंच्या बाबतीत ती जाईल घरमालकाच्या बिलात. घरमालकाचं बिल कमी होईल आणि ताई बारा रुपयेच देत राहतील. ‘गरीब वस्तीला लाभ’ असा अहवाल मात्र छापला जाईल, कारण पत्ता त्याच वस्तीचा आहे.

अमेरिकेत याच खोड्याचा वेगळा अवतार निघाला. तिथे सरकारी मदतीच्या घरांत भाडं कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं, आणि विजेच्या खर्चासाठी भाड्यात वजावट मिळते. सौरजमेमुळे वीजबिल कमी झालं की कुणी तरी म्हणणार, मग वजावटही कमी करा, किंवा ही जमा म्हणजे उत्पन्नच आहे. म्हणजे सूर्याने दिलेले वीस डॉलर भाड्याने परत न्यायचे. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याला सूचना काढाव्या लागल्या की अशी जमा केव्हा उत्पन्नात आणि वजावटीत मोजायची नाही. योजना करणाऱ्यांनी पॅनेलच्या कोनाचा विचार अंशाअंशाने केलेला असतो, भाडेपावतीचा कुणी केलेला नसतो.

रिओ दि जानेरोच्या डोंगरउतारावरच्या बाबिलोनिया वस्तीत मला बरा मार्ग दिसतो. तिथे रेव्होलुसोलार नावाच्या संस्थेच्या मदतीने २०२१ मध्ये रहिवाशांची सौर सहकारी संस्था सुरू झाली. प्रकल्प छोटा आहे, तीसेक कुटुंबांचा. पॅनेल रहिवासी संघाच्या छपरावर, वाचलेल्या पैशांतला काही भाग कुटुंबाला आणि काही सामाईक निधीत, दुरुस्तीसाठी. वस्तीतल्याच लोकांना पॅनेल बसवायचं काम शिकवलं. जमा कुणाला हे वस्तीनेच बसून ठरवलं.

बाकीच्या ग्राहकांवर बोजा पडत नाही का?

पडू शकतो. हा आक्षेप वीज कंपन्यांचा आवडता आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. तुमचं बिल काढून बघा. वीज आकाराखेरीज स्थिर आकार असतो, वहन आकार असतो. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, लाइनमन यांचा खर्च त्यातून निघतो. शाळेवरची वीज वस्तीत पोचते ती याच तारांवरून. जमा पूर्ण किरकोळ दराने दिली आणि वहन आकारही माफ केला, तर तो खर्च उरलेल्या ग्राहकांवर जाणार. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये वीज आयोगाने सामाईक सौरविजेसाठी मागितलेला चढा जमादर याच कारणाने नाकारला. मिनेसोटाने किरकोळ दर सोडून विजेचं खरं मूल्य काढायचं सूत्र आणलं.

पण दुसरी बाजूही त्याच सूत्रात आहे. दुपारी वस्तीजवळच तयार झालेली वीज लांबच्या औष्णिक केंद्रातून आणावी लागत नाही, वाटेतली गळती वाचते. म्हणजे जमा योग्य दराने द्या, आणि गरीब घरांसाठी वरचा थोडा भार उचलायचा असेल तर तो बिलात लपवू नका, अर्थसंकल्पात उघड लिहा. शेतीपंपांच्या विजेची सवलत आपण वर्षानुवर्षं वाहतोच आहोत.

वस्तीतली माणसं पैसे भरतील का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी ताईंचे बारा रुपये सांगते. पाच तारखेच्या आत, रोख, पावतीशिवाय. सोसायटीत राहणाऱ्या माझ्यापेक्षा त्या महाग वीज घेतात आणि माझ्यापेक्षा वेळेवर पैसे देतात. वसुलीचा प्रश्न रचनेत सुटतो. सूट बिलातच आली आणि प्रकल्पाचा वाटा वीज कंपनीने परस्पर वळता केला, तर घराघरांतून वसुली करावीच लागत नाही. एखादं घर सोडून गेलं तर त्याचा वाटा यादीतल्या पुढच्या घराला. भिशीत एक जण गळाला म्हणून भिशी मोडत नाही, तसं.

फसवणुकीची भीती मला जास्त खरी वाटते. वीस वर्षांचा करार, मध्येच सोडला तर दंड, तोही बारीक टायपात. अमेरिकेत दारोदार फिरून वर्गण्या विकणाऱ्यांचा असा अनुभव लोकांना आला आहे. गरीब घरासाठी नियम सोपा असावा. सही करताना पैसे नाहीत, सोडताना दंड नाही, आणि बिल कधीही आधीपेक्षा वाढणार नाही. हे लेखी देत नसतील त्यांना दारातूनच परत पाठवावं.

एवढा खटाटोप कशाला, सरळ बिल माफ करा

काही राज्यांनी केलंच आहे, आणि गरिबाच्या हातात ते लगेच पडतं हे मान्य करायला हवं. पण माफीचा पैसा दर वर्षी नव्याने लागतो, आणि ज्या वर्षी तिजोरी आटली त्या वर्षी माफी आटते. शाळेवरचं पॅनेल एकदा फिटलं की पुढची पंधरा वर्षं कुणाच्या घोषणेची वाट बघत नाही. शिवाय माफीसुद्धा मीटरवाल्यालाच मिळते. सबमीटरवाल्याला ती दिसतही नाही.

रात्रीचं काय, पावसाळ्याचं काय, हे विचारणारे असतात. जाळं आहेच. जमा वर्षभरात जिरते, उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात वापरली जाते. वीज गेली तर मात्र या घरांतही अंधारच होणार, तेवढं आधीच सांगून टाकलेलं बरं.

आपण कुठे आहोत

दिल्लीच्या वीज आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची नियमावली काढली, आणि पुढच्या सौर धोरणात सामाईक सौरविजेला नाव घेऊन जागा दिली. सूर्यघर योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही अशा पद्धतीने जोडलेले संच अनुदानाला पात्र धरले आहेत. वीज कंपनीने किंवा खासगी कंपनीने स्वतः पैसे घालून गरीब घरांसाठी संच उभारायचे, असे पर्यायही त्यात आहेत. म्हणजे जाहिरातीत जे दिसत नाही ते कागदावर आहे.

महाराष्ट्राची मोठी उडी शेतीत आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये गावाजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे फक्त शेतीपंपांसाठीच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची असते. पहिला, तीन मेगावॉटचा, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दर वर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दर वर्षी पाच लाख रुपये. गावाचा वाटा किती, हे आधीच लिहून ठेवलं आहे, आणि मला त्या योजनेतला हाच भाग सगळ्यात आवडतो. शहरातल्या वस्त्यांसाठी अशी ओळ अजून कुणी लिहिलेली दिसत नाही. छपरं मात्र आहेत, शाळांची, मंडयांची, एसटी आगारांची, जलशुद्धीकरण केंद्रांची.

हे सगळं थोडक्यात मी ताईंना सांगितलं, साडी न्यायला गेले तेव्हा. शाळेचं छप्पर, डेअरीचं कार्ड, जमा. डेअरी त्यांना लगेच कळली, माहेर बारामतीकडचं. “मग पहिलं मीटर माझ्या नावावर पाहिजे,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, २००३ च्या वीज कायद्यात कलम ४३ आहे. मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीज कंपनीने जोडणी द्यायला हवी. राहणाऱ्याने, असं कायद्यातच म्हटलंय.

त्यांनी मशीनचा खण पुन्हा उघडला. जाहिरातीच्या खाली दुसरा एक कागद होता, नव्या जोडणीच्या अर्जाचा, दोन वर्षांपूर्वीचा. सगळं भरलेलं. एकच रकाना कोरा होता, घरमालकाच्या सहीचा.